चालणारा कोंडा: सशाचे केस, सशाची कातडी आणि आपली धुऊन काढण्याची हौस

श्रावणात इथे इंदुरातच, लोकमान्य नगरला बहिणीकडे गेले होते. भाचीच्या दोन्ही हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, बारीक लाल पुरळ. "डास गं, दुसरं काय," बहीण म्हणाली. डॉक्टरांनी दिलेलं मलम चालू होतं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाज. भाची खाजवत होती आणि तिच्या मांडीवर गराडू बसला होता. गराडू म्हणजे त्यांचा ससा. हिवाळ्यात इथल्या सराफा बाजारात गराडू नावाचा कंद तळून विकतात, त्याचा जो रंग, तोच याचा.

मी त्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला. खांद्यांच्या मधोमध, केसांच्या मुळाशी पांढरा भुगा होता, परातीच्या कडेला कणीक सुकून राहते तसा. भाचीच्या चित्रकलेच्या सामानातून काळा कागद काढून खाली धरला, केस विस्कटले, आणि भिंग घेऊन आम्ही तिघी वाकून बसलो. मिनिटभर काहीच नाही. मग एक पांढरा कण सरकला. पंख्याचा वारा असेल म्हणून पंखा बंद केला. तरी सरकला.

इंग्रजीतही याला चालणारा कोंडाच म्हणतात. खरं तर चालतो तो कोंडा नव्हे, त्याच्याखालचा माइट. माइट म्हणजे कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढा जीव. तो कोंड्याखालून फिरतो आणि वरचा कोंडा हलताना दिसतो. भाचीचं पुरळही त्याचंच होतं.

"मग याला काय लावू?" बहिणीने लगेच विचारलं. ओळखीच्या घरांतून दर पावसाळ्यात मला हाच प्रश्न येतो: केस जातायत, खपली धरलीय, काय लावू? सशाच्या बाबतीत गडबड इथेच सुरू होते. कातडीवर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं मूळ कातडीत नसतंच. ते दातांत असतं, पाठीच्या मणक्यात, वजनात, फरशीत किंवा ताटलीत.

आधी बघा: आजार आहे की नुसती केसगळती?

ससा वर्षातून साधारण दोनदा अंगावरचे केस बदलतो, आणि मधूनमधून थोडे थोडे. ही गळती बहुतेकदा डोक्याकडून सुरू होऊन मागे सरकत जाते. अर्धा ससा जुन्या कोटात आणि अर्धा नव्या, असं महिनाभर चालू शकतं. हाताला पुंजके येतात, सतरंजीवर कापूस पिंजल्यासारखं होतं. गडद रंगाच्या सशांत नवे केस येतात त्या जागी कातडी काळपट, जाडसर दिसते आणि लोक घाबरतात.

ओळखायची खूण सोपी आहे. पुंजका निघाला त्या जागी फुंकर मारून बघा. खाली नवे आखूड केस असतील, कातडी गुलाबी-स्वच्छ असेल, तर काळजी नाही. लाली, खपली, भुगा, ओल किंवा अगदी गुळगुळीत टक्कल असेल तर आहे.

गळतीच्या दिवसांत रोज दहा मिनिटं मऊ ब्रश किंवा ओला हात फिरवून सुटे केस काढावेत. सशाला उलटी करता येत नाही. चाटून पोटात गेलेला केस पुढेच ढकलला जायला हवा, आणि तो ढकलतो चारा. चारा कमी पडला की पोटाचं काम मंदावतं. ससा दहा-बारा तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट बघू नये, तडक डॉक्टरांकडे न्यावं.

मादी असेल आणि ती स्वतःच मानेखालचे, पोटाचे केस उपटून कोपऱ्यात गादी करत असेल, तर तो कातडीचा आजार नव्हे. ती बाळंतपणाची तयारी करतेय. पोटात पिल्लं नसतानाही सशीण अशी तयारी करते. खोटं गाभणपण म्हणतात त्याला, आणि ते दोन-अडीच आठवड्यांत आपोआप ओसरतं.

ससा आपली सफाई आपण करतो, मग थांबला का?

निरोगी ससा दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटत, दातांनी विंचरत असतो. त्याचे पुढचे दात म्हणजे त्याची फणी. थोडे माइट कित्येक सशांच्या अंगावर कायम असतात आणि काही त्रास देत नाहीत, कारण रोजच्या विंचरण्यात त्यांची संख्या वाढतच नाही. रोज झाडलेल्या घरात जळमटं धरत नाहीत, तसं. घरातलं माणूस आजारी पडून झाडू थांबला की पंधरा दिवसांत कोपरे भरतात.

"आम्ही तर त्याला बाहेर नेतच नाही, मग हे आले कुठून?" याचं उत्तर यातच आलं. ते आधीपासून असतील, किंवा गवताच्या भाऱ्यातून आले असतील. खरा प्रश्न आहे की सशाने झाडू का थांबवला.

बहुतेक वेळा कारण दातांत सापडतं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. चारा चावून ते झिजले नाहीत तर वाकडे होतात, गालाला-जिभेला टोचतात. मग तोंडातून लाळ गळते, हनुवटी आणि छाती सतत ओली राहते, तिथले केस जातात, कातडी सोलवटते. दाताच्या मुळाने वर सरकून अश्रूंची नळी दाबली तर डोळ्याखालची पट्टी ओली होते. तुम्ही हनुवटीला मलम लावत बसता, आणि दात तसाच टोचत राहतो.

दुसरं कारण वजन. लठ्ठ सशाचं तोंड शेपटीपर्यंत पोचत नाही. तिसरं म्हातारपण: मणका आखडलेला, वळताना दुखतं. म्हणूनच चालणारा कोंडा पुष्कळदा नेमका तिथे दिसतो जिथे तोंड पोचायला कठीण, म्हणजे मानेमागे, खांद्यांमधे आणि शेपटीच्या वर.

गराडूच्या बाबतीत दुसरं कारण निघालं. बहिणीच्या घरी सकाळी पोहे झाले की एक मूठ त्याला, वर थोडी शेव. "तो पाय आपटून मागतो गं!" मागणारच. आमच्या इंदुरात पोह्यांना कोण नाही म्हणतं?

माइट तीन, जागा तीन

चालणारा कोंडा पाठीवर. नाकावर, ओठांवर, पंजांवर, कानांच्या कडेला पिवळट-राखाडी जाड खपल्या आल्या असतील आणि ससा वेड्यासारखा खाजवत असेल, तर ती खरूज. हा माइट कातडीच्या आत बोगदे करतो. तिसरा कानातला. कानात तपकिरी, पापडासारखी थरांची खपली साचते, ससा डोकं झटकतो, कान खाली पाडतो. ही खपली बोटाने किंवा कापसाच्या काडीने काढू नका. खाली कातडी सोललेली असते, प्रचंड दुखतं. औषध लागू झालं की खपली आपोआप गळते.

डॉक्टर कातडी किंचित खरवडून किंवा पारदर्शक चिकटपट्टी केसांवर दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच मिनिटांचं काम. हे न करता नुसतं बघून "इन्फेक्शन आहे" म्हणणाऱ्याला मी नम्रपणे विचारते, "कशाचं?"

औषध बहुधा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किंवा मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब. इंजेक्शन एकदा देऊन भागत नाही. दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा लागतं. का? औषध जिवंत माइट मारतं, अंडी मारत नाही. ढेकणांनी छळलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही: पलंग झोडपला, उन्हात टाकला, आठ दिवस शांत झोप, आणि मग फटीतली अंडी फुटली. पहिल्या इंजेक्शननंतर ससा इतका छान दिसायला लागतो की लोक दुसऱ्याला जात नाहीत, आणि महिन्याभरात पुन्हा "काय लावू?"

घरात दुसरा ससा असेल तर त्यालाही औषध, त्याच्या अंगावर काही दिसत नसलं तरी. आणि बिछाना, टोपली, ब्रश सगळं गरम पाण्यात. चालणाऱ्या कोंड्याचा माइट सशावाचूनही दहाएक दिवस तग धरतो, कानातला तर तीन आठवड्यांपर्यंत.

गोल टक्कल म्हणजे गजकर्ण?

असू शकतं. गजकर्ण, नायटा, हिंदीत दाद, एकच गोष्ट: बुरशी. गोल किंवा वेडंवाकडं टक्कल, कडेला लाली, वर कोंडा. बहुधा डोक्यावर, कानांपाशी, पंजांवर. पिल्लांत आणि दमट हवेत जास्त. काही दवाखान्यांत जांभळा दिवा लावून बघतात. पण सशांत सगळ्यात जास्त आढळणारी बुरशी त्या दिव्याखाली चमकतच नाही. दिवा कोरा आला म्हणून बुरशी नाही, असं होत नाही. केसांचा नमुना वाढवून बघावा लागतो, त्याला एक ते तीन आठवडे लागतात. उपचारही तसाच लांबतो; खंड पडू देऊ नये.

"एकदा छान अंघोळ घातली तर?"

2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घ्यायची सवय लागलेलं शहर आपलं. धुतलं की झालं, हे आता आपल्या अंगात भिनलंय. मीही ही चूक केलेली आहे. पहिला ससा होता तेव्हा, जानेवारीत, बादलीत कोमट पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू. त्याने एकदा हातपाय झाडले आणि मग एकदम गप्प झाला. डोळे मोठे, अंग लाकडासारखं. मला वाटलं, बाई, किती शहाणा. तो शहाणा नव्हता, भीतीने थिजला होता. टॉवेलात गुंडाळून दोन तास पुसत बसले तरी खालचे केस ओलेच. संध्याकाळपर्यंत तोंडात घास घेतला नाही त्याने.

सशाचे केस इतके दाट असतात की मुळापर्यंत गेलेलं पाणी तासन्‌तास वाळत नाही. अंग गार पडतं, ओल्या कातडीला जंतू धरतात. शिवाय सशाची हाडं त्याच्या वजनाच्या साताठ टक्केच, मांजराची बारा-तेरा. पण मागच्या पायांची ताकद दांडगी. धरून ठेवलेला ससा जोरात लाथ झाडतो तेव्हा स्वतःचाच मणका मोडू शकतो. घाबरून जागीच प्राण सोडलेले ससेही आहेत.

मागचा भाग बरबटला असेल तर फक्त तेवढाच, कोमट पाण्याने भिजवलेल्या फडक्याने, आणि लगेच कोरडा. केसांची गाठ झाली असेल तर बोटांनी हळूहळू सोडवा, कात्री नको. सशाची कातडी पातळ असते आणि गाठीबरोबर तंबूसारखी वर येते. केस कापतोय असं वाटतं आणि कातडी कापली जाते.

"कुत्र्याचं औषध आहे घरात, थोडंसं चालेल ना?"

नाही. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या. कुत्र्या-मांजरांच्या पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकतात त्या थेंबांत किंवा फवाऱ्यात बहुधा फिप्रोनिल असतं. कुत्र्याला ते सोसतं, सशाचा जीव जाऊ शकतो. औषधाच्या दुकानातला माणूस "सब जानवर को चलता है" म्हणाला तरी बाटलीवरचं घटकाचं नाव स्वतः वाचा.

तसंच अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन वगैरे पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे सशाला कधीच नाहीत. सशाच्या आतड्यात गवत आंबवणाऱ्या जंतूंचं आख्खं विरजण असतं. ही औषधं ते विरजण मारतात, मग वाईट जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दगावतो. स्टेरॉइड घातलेली, माणसांच्या खाजेची मलमंही नकोत. आणि घरगुती उपाय, म्हणजे कापूर, रॉकेल, टी-ट्री तेल? ससा अंगावरचं सगळं चाटतो. जे लावलं ते पोटात गेलं असं धरून चाला.

आयव्हरमेक्टिन घरी टोचावं म्हणणारेही भेटतात, गाई-म्हशींचं मिळतंच. जरा हिशेब करू. त्या बाटलीत 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं. दीड किलोच्या सशाला लागतं साधारण 0.3 ते 0.6 मिलिग्रॅम. म्हणजे 0.03 ते 0.06 मिलिलिटर, जवळपास एक थेंब. टिंबाची जागा एक घर चुकली की दहापट. हे काम वजनकाट्यावर ससा ठेवून, सुई हातात घ्यायची रोजची सवय असलेल्यानेच करावं.

पायाचे तळवे आणि चकचकीत फरशी

कुत्र्या-मांजराच्या पायाला गादी असते, सशाच्या नसते. त्याच्या तळव्याला फक्त केस. मातीत, गवतात पळायला ते पुरेत. पण पिंजऱ्याची जाळी, नाहीतर कोटा आणि संगमरवराची घासलेली फरशी यावर सगळं वजन टाचेपाशी एकाच जागी येतं. आधी केस जातात, मग लाल चकती, मग जखम, आणि शेवटी हाडापर्यंत पू. ससा ओरडत नाही. फक्त कमी पळतो. वाटतं, शांत झाला हल्ली.

आठवड्यातून एकदा मांडीवर टेकवून तळवे बघा. जाळीवर पुठ्ठा, त्यावर जाड सतरंजी, वर सुकं गवत. ओलं झालं की बदला. आणि त्याच्या कोपऱ्यात फिनाइल नको. पांढरा व्हिनेगर पाण्यात घालून पुसलं तर लघवीचे पांढरे डागही निघतात.

पावसाळा आणि माश्या

यावर जरा थांबते, कारण याने ससे पटकन मरतात आणि लोकांना वेळेत कळत नाही.

ससा दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, गोल, आपण झाडून टाकतो त्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, बारीक द्राक्षांच्या घोसासारख्या. या तो थेट तोंडाने घेऊन खातो आणि त्यातून जीवनसत्त्वं मिळवतो. किळस वाटायचं कारण नाही. गाय रवंथ करते, हा असं करतो. पण सशाला गोड किंवा पिठाचं फार मिळालं की या दुसऱ्या लेंड्या पातळ होतात, आणि तो लठ्ठ असला तर त्याचं तोंडही तिथवर पोचत नाही. मग त्या शेपटीखालच्या केसांत चिकटतात. वर लघवीची ओल. माशीला आणखी काय हवं?

माशी तिथे अंडी घालते. 12 ते 24 तासांत, उकाड्यात त्याहूनही लवकर, अळ्या बाहेर पडतात आणि कातडीत शिरतात. किडे पडले म्हणतो ते हेच. सकाळी नीट दिसलेला ससा दुसऱ्या दिवशी अंग टाकून पडलेला असतो. आदल्या रात्री शेपटी उचलून बघितलं असतं तर केसांत तांदळाच्या कण्यांसारखी अंडी दिसली असती.

म्हणून जून ते ऑक्टोबर रोज दोनदा शेपटीखाली बघायचंच. अळी दिसली तर चिमट्याने जेवढ्या निघतील तेवढ्या काढा, पण बादलीत बुडवू नका आणि घरी प्रयोग करत बसू नका. त्या जखमेला भूल, साफसफाई, सलाइन लागतं. तासांचा मामला आहे.

गाठ हाताला लागली तर

सशाचा पू वाहत नाही. माणसाचं गळू फुटतं आणि वाहून जातं. सशाचा पू श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्यासारखा घट्ट असतो. सुईने टोचून, पोटीस बांधून काही निघत नाही, उलट पसरतं. जबड्यावरची गाठ तर बहुधा दाताच्या मुळापासून आलेली असते. डॉक्टर सहसा सगळी पिशवीच कापून काढतात.

"मग माणसांचं काय? ससा देऊन टाकावा का?"

चालणाऱ्या कोंड्याचा माइट माणसाला चावतो, पण माणसावर घर करत नाही. ससा बरा झाला की पुरळ जातं. भाचीचं तसंच गेलं, मलमावाचून. खरूजही बहुधा अशीच तात्पुरती. गजकर्ण मात्र माणसाला खरोखर लागतं आणि त्याला औषध घ्यावं लागतं. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तेवढे दिवस सशापासून लांब ठेवा. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात की घरात ससा आहे हे न विचारता सांगा. बहिणीने सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

ताटलीत काय हवं

सगळ्यात जास्त सुकं किंवा ओलं गवत, खाण्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर. आपल्याकडे हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, उत्तम. फक्त औषध मारलेल्या बागेतल्या आणि रस्त्याकडेच्या नकोत. बरसीम हिवाळ्यात चोइथराम मंडीच्या बाजूला सहज दिसतं, पण त्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्याला चवीपुरतं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला मूठभर. गाजर म्हणजे मिठाई. पोहे, शेव, ब्रेड, बिस्किटं बंद.

गराडूला आम्ही बास्केटमध्ये घालून सकाळी लवकर नेलं, उकाडा वाढायच्या आत. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून विचारलं, सशाचे पेशंट बघता का, कारण सगळेच बघत नाहीत. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, हेही ध्यानात असू द्या. बरोबर नेलं ते असं: आदल्या दिवशीच्या लेंड्या डबीत, काळ्या कागदावरचा भुगा चिकटपट्टीला लावून, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं वजन, 2 किलो 300. दात दाखवायला विसरलो नाही. ऑपरेशन लागलं असतं तरी त्याला उपाशी नेऊ नका, असं फोनवर सांगितलं होतं. उलटी होतच नाही, तर पोट रिकामं कशासाठी?

तीन इंजेक्शनं झाली. पोहे बंद झाल्याचा राग अजून आहे. सकाळी कढईत मोहरी तडतडली की बैठकीतून पाय आपटल्याचा आवाज येतो.